खोक्यामागचे दीडशे रुपये

कराडात एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. २००२ साली टाकलं. पुढची चौदा-पंधरा वर्षं दुकानाचं भाडं भरलं ते अँटिव्हायरसच्या खोक्यांनी. एका खोक्यामागे मला साधारण दीडशे रुपये सुटायचे. दुरुस्तीचं काम आज आहे, उद्या नाही. पण अँटिव्हायरसची मुदत वर्षाने संपणार आणि गिऱ्हाईक परत येणार, हे ठरलेलं. ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्यासारखं. लागण एकदाच, पीक दरवर्षी.

हे आधीच सांगून टाकतो. "दादा, पैसे देऊन अँटिव्हायरस घेऊ का?" हा प्रश्न लोक ज्याला विचारतात, तो बहुतेक वेळा माझ्यासारखाच दुकानदार असतो आणि त्याच्या उत्तरात ते दीडशे रुपये असतात. मी कित्येक वर्षं या प्रश्नाला 'घ्या' म्हणत आलो. ते उत्तर एके काळी अगदी बरोबर होतं. नंतर ते चुकत गेलं. चुकतंय हे मला कळायला वेळ लागला, आणि ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलायला त्याहून जास्त लागला.

दुकान टाकण्याआधी मी पुण्यात तपकीर गल्लीत एका हार्डवेअरवाल्याकडे शिकाऊ होतो. २६ एप्रिल १९९९, सोमवार. दुपारपर्यंत सहा-सात मशिनं टेबलाखाली येऊन पडली. सगळ्यांचं दुखणं एकच: बटण दाबलं की पंखा फिरतो, पडदा काळा. सीआयएच नावाचा व्हायरस होता, तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला. त्या तारखेची वाट बघत तो महिनोन्‌महिने मशिनांत गप्प बसून होता. चेर्नोबिलची दुर्घटना त्याच तारखेची, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणायला लागले. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसून टाकायचाच, शिवाय काही मदरबोर्डांवरच्या बायोसच्या चिपमधला प्रोग्रामही बिघडवायचा. मग मशीन उठणारच नाही.

आमच्या उस्तादांनी त्या आठवड्यात शिकवलेलं काम मी आजही झोपेत करू शकेन. त्याच जातीचं चांगलं मशीन चालू करायचं, चालू असतानाच त्याची चिप हलक्या हाताने उपसायची, तिथे मेलेली चिप बसवायची आणि तिच्यावर प्रोग्राम पुन्हा लिहायचा. हात थरथरला तर दोन्ही बोर्ड गेले. चिप बोर्डाला डाग देऊन बसवलेली असेल तर बोर्डच बदलायचा. डिस्कवरचं मात्र बहुतेकांचं परत आलं नाही. एका प्रकाशकाचं पूर्ण टाइप केलेलं पुस्तक गेलं होतं. ते गृहस्थ स्टुलावर बसून होते, काही बोलत नव्हते.

त्या काळी विंडोजमध्ये स्वतःची राखण अशी नव्हतीच. पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरस हे खरोखरीचं कवच होतं, आणि ते बनवणारे लोक आमच्यातलेच होते. कैलास काटकर आमच्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेला माणूस. त्यांचे धाकटे बंधू संजय कॉम्प्युटर शिकले आणि दुकानात येणाऱ्या मशिनांतले व्हायरस काढायला त्यांनी प्रोग्राम लिहिले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या पुण्यातल्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील उभी राहिली. २००७ मध्ये कंपनीचंही नाव तेच झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. हातात स्क्रू ड्रायव्हर घेणाऱ्या आम्हा सगळ्यांना याचा अभिमान होता आणि आहे. तेव्हा पैसे देऊन घेतलेल्या अँटिव्हायरसबद्दल मी पुढे जे सांगणार आहे, ते त्या धंद्याबद्दलच्या आकसाने नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा अँटिव्हायरस फुकट द्यायला सुरुवात केली. अट एकच: विंडोज अस्सल पाहिजे. आमच्याकडच्या दहातल्या नऊ मशिनांवर विंडोज अस्सल नव्हतं. मीच टाकलेलं असायचं, चाळीस रुपयांच्या सीडीवरून. म्हणजे अस्सल विंडोज घेणाऱ्याला राखणदार फुकट मिळत होता, आणि फुकटचं विंडोज वापरणारा माझ्याकडून वर्षाला हजाराच्या आत-बाहेर मोजून राखणदार विकत घेत होता. पाच वर्षांत त्याने अँटिव्हायरसला मोजलेल्या पैशांत विंडोजची बरीचशी किंमत निघाली असती. हा हिशेब मी कुणाला कधी मांडून दाखवला नाही.

त्याहून वाईट गोष्ट अपडेटची. चोरीचं विंडोज अपडेट झालं की कधी ना कधी पकडलं जायचं, मग डेस्कटॉप काळा पडायचा आणि गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं. शिवाय नेट महाग. म्हणून विंडोज टाकून झालं की अपडेट बंद करणं हा आमच्या कामाचाच भाग होता. कराड, सांगली, कोल्हापूर, कुठलाही दुरुस्तीवाला हेच करायचा. वर अँटिव्हायरसचा खोका द्यायचा. दाराला नवं कुलूप आणि मागची भिंत पाडलेली, अशी ती मशिनं आम्ही लोकांच्या घरी पोचवली. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच येऊन पडलेलं होतं. दोन महिने आधी. बातम्या बघताना मला माझीच मशिनं डोळ्यांसमोर दिसत होती. त्या शनिवार-रविवारी मी आठवतील त्या सगळ्यांना फोन केले: सोमवारी मी येईपर्यंत नेटची वायर काढून ठेवा.

तरीही 'घ्या' म्हणणं मी सोडलं नव्हतं. ते सुटलं फोटो स्टुडिओवाल्या आण्णांमुळे.

आण्णा माझ्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. लग्न, बारसं, साठीशांत, तालुक्यातल्या शंभर घरांतले प्रसंग त्यांच्या मशीनमध्ये. अँटिव्हायरसच्या बाबतीत माझं सगळ्यात नेमस्त गिऱ्हाईक. मुदत संपायच्या आधी आठवडाभर पैसे घेऊन यायचे. फेब्रुवारी २०२० मध्ये, ऐन लग्नसराईत, सकाळी पावणेआठला त्यांचा फोन. "फोटू उघडंनात. नावं बदल्यात सगळ्यांची."

जाऊन बघितलं. प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: फाइली परत हव्यात तर ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे. स्टॉप या नावाने ओळखलं जाणारं खंडणीखोर सॉफ्टवेअर होतं ते. निम्मे म्हणजे पस्तीस हजार रुपये. कोपऱ्यात अँटिव्हायरसचं चिन्ह होतं, मुदत पाच महिने शिल्लक होती, पण संरक्षण बंद होतं.

"बंद कुणी केलं आण्णा?"

त्यांनी खाली मान घातली. रात्री अल्बमचं एक नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं, कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेलं, क्रॅकसकट, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रामसकट. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस ओरडला. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा. त्यांनी केला.

आणि मग म्हणाले, "तुम्हीच न्हाई का करत तसं, फोटोशॉप टाकताना?"

खरं होतं. त्यांच्याच मशीनवर, त्यांच्यासमोर, मी ते अनेकदा केलं होतं. पेजमेकर टाकताना, फोटोशॉप टाकताना. अँटिव्हायरस ओरडला की "तो उगाच ओरडतोय" म्हणत मी तो बंद करायचो, काम झालं की चालू करायचो. राखणदार मीच विकला होता आणि भुंकला की त्याचं तोंड दाबायचं, हेही मीच शिकवलं होतं. त्यांच्या अँटिव्हायरसने आपलं काम चोख केलं होतं. त्याने ओळखलं, सांगितलं. त्या रात्री ते एक हजार रुपये वाया गेले नव्हते. अँटिव्हायरसचं ऐकायचं नाही हे शिक्षण आण्णांनी माझ्याकडून घेतलेलं होतं.

खंडणी भरली नाही. पैसे भरूनही किल्ली मिळेल याची शाश्वती नसते, आणि मिळालेला पैसा पुढच्या माणसाला लुटायलाच वापरतात. या व्हायरसच्या जुन्या जातींसाठी फुकट किल्ली २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर आली होती, पण आण्णांच्या मशीनवरची जात नवी निघाली. तो प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा दीडशे केबीच कुलूपबंद करतो. त्यामुळे मोठे व्हिडिओ आठ-दहा दिवस बसून बरेचसे दुरुस्त झाले. फोटो नाही झाले. मग आण्णांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. ज्यांना ज्यांना पूर्वी पेनड्राइव्हवर फोटो दिले होते, त्या घरांची यादी काढली आणि मोटारसायकलवर गावोगाव फिरून ते पेनड्राइव्ह उसने मागून आणले. उंब्रज, मलकापूर, ओगलेवाडी, पाटणपर्यंत. अल्बम छापणाऱ्या लॅबकडून छापलेल्या पानांच्या फाइली मागवल्या. असं करत तीनेक वर्षांचं काम पुन्हा गोळा झालं. त्याआधीचं गेलं. एका घरातले आजोबा मधल्या काळात वारले होते आणि त्यांचे शेवटचे बरे फोटो आण्णांच्याच डिस्कवर होते. ते सांगायला आण्णा स्वतः गेले.

चार-पाच हजारांची एक बाहेरची हार्ड डिस्क, आठवड्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची, काढून कपाटात ठेवायची. एवढं असतं तर तो सगळा प्रसंग अर्ध्या दिवसाच्या फॉरमॅटवर मिटला असता. अठरा वर्षांत मी आण्णांना अठरा वेळा अँटिव्हायरस विकला आणि ही डिस्क एकदाही सुचवली नाही. डिस्कमध्ये मला फारसं काही सुटत नव्हतं.

त्यानंतर मी बसून सगळं पुन्हा तपासलं. विंडोज ८ आलं २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये. तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजच्या आतच येतो. सुरुवातीची काही वर्षं तो कच्चा होता. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा अशा सॉफ्टवेअरच्या नियमित परीक्षा घेते. तिच्या यादीत तो तळाशी असायचा आणि मी ते निकाल गिऱ्हाइकांना दाखवायचो. २०१९ च्या मध्यावर त्याच परीक्षेत त्याला १८ पैकी १८ गुण मिळाले. तो निकाल मी कुणाला दाखवला नव्हता. खंडणीखोरांपासून ठरावीक फोल्डर राखण्याची सोयही त्यात २०१७ पासून आहे, फक्त ती आपल्याला चालू करावी लागते. फुकटच्या इतर अँटिव्हायरसांचं म्हणाल तर, एका नावाजलेल्या कंपनीची उपकंपनी लोकांच्या इंटरनेट वापराची माहिती विकत होती हे जानेवारी २०२० मध्ये उघड झालं, आणि ती उपकंपनी बंद करावी लागली. राखण करणाऱ्याला घरातलं सगळं दिसतं. तो फुकट का राबतोय, हे विचारायलाच हवं.

मी पहिल्यांदा 'नको' म्हणालो तो दिवस मला लख्ख आठवतो. साखर कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ, मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून लॅपटॉप घ्यायला आलेले. अस्सल विंडोजसकटचा लॅपटॉप. बिल करताना म्हणाले, "त्यो अँटिव्हायरस बी घाला त्यात."

मी म्हटलं, "नको, राहू द्या. गरज नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "गरज न्हाई म्हंजे? आमाला परवडत न्हाई असं वाटलं व्हय तुम्हास्नी?"

मला काही क्षण बोलताच आलं नाही. मग मुलीला जवळ बोलावून डिफेंडर कुठे असतो ते दाखवलं, अपडेट चालू करून दिलं. क्रॅक कधी टाकू नकोस, एखादं सॉफ्टवेअर परवडत नसेल तर मला विचार, बहुतेकांना फुकटचा, रीतसर पर्याय असतो, हेही सांगितलं. तेवढ्याच पैशांत एक चांगला पेनड्राइव्ह दिला आणि त्यावर प्रोजेक्टची प्रत ठेवायला शिकवलं. वडील सगळं ऐकत होते. जाताना त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या मनातली शंका पुरती गेली असं मला वाटलं नाही. विकणाऱ्याने 'घेऊ नका' म्हणावं, याची लोकांना सवयच नाही.

आता दुकानात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मुळात कशाची भीती वाटतेय हे आधी बघावं लागतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचना येते: तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपली, पाच व्हायरस सापडले, आत्ता रिन्यू करा. ही सूचना अँटिव्हायरसची नसतेच. कुठल्यातरी वेबसाइटवर आपण 'परवानगी द्या' हे बटण दाबलेलं असतं, तिथून ती येते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली की दोन मिनिटांत बंद होते. याचे मी पैसे घेत नाही.

आमच्या शाळेच्या एका निवृत्त बाईंना अशीच सूचना आली आणि तिच्यासोबत एक फोन नंबर. त्यांनी तो लावला. पलीकडचा गोड बोलला, आपली स्क्रीन त्याला दिसेल असं एक ॲप टाकायला लावलं, आणि रिन्यूअलचे पैसे भरताना बघता बघता खातं रिकामं केलं. बाईंच्या मशीनवर विकतचा अँटिव्हायरस होता, मीच टाकलेला, मुदत सात महिने शिल्लक. त्याने काही करायचं कारणच नव्हतं. बाईंनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या परवानगीने सगळं दिलं होतं. त्यांच्या शेजारच्या मुलाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर माहीत होता. अर्ध्या तासात फोन गेला म्हणून निम्म्याहून जास्त रक्कम पुढच्या बँकेत अडवता आली. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तू टाकलेलं ते होतं ना रे, म्हणून मी निर्धास्त होते." विद्यार्थ्याला प्रेमाने रागवावं तशा म्हणाल्या. मी त्यांचा विद्यार्थी होतोही.

पैसे देऊन घेऊच नये, असं मात्र मी म्हणत नाही. बसस्थानकामागच्या एका सीए ऑफिसात नऊ मशिनं आहेत, पाचशे-सहाशे लोकांचे हिशेब आहेत, आणि दर तिमाहीला नवी मुलं शिकायला येतात, खिशात पेनड्राइव्ह घेऊन. तिथे मी दरवर्षी विकतचंच बसवतो. एका जागेवरून नऊही मशिनांवर लक्ष ठेवता येतं, पेनड्राइव्हला कुलूप घालता येतं आणि अडचण आली तर फोन उचलून मराठीत बोलणारा माणूस मिळतो. या गोष्टींची किंमत आहे आणि ती द्यायला हवी. घरात एकटं राहणारं म्हातारं माणूस असेल आणि त्याला हाकेला कुणी नसेल, तर फोनवरच्या त्या माणसासाठी घ्या. पण मग रिन्यूअलची तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवा आणि स्क्रीनवर आलेल्या तारखेवर विश्वास ठेवू नका.

जुन्या विंडोजवाल्यांना मात्र मी ठामपणे नाही म्हणतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ती नोंदणी न करता "त्यापेक्षा एक भारीतला अँटिव्हायरस टाका" म्हणणारे रोज येतात. तेच ते, पाडलेल्या भिंतीच्या घराला कुलूप. ते मी आता विकत नाही.

लॅपटॉपसोबत आलेल्या चाचणीच्या अँटिव्हायरसची मुदत संपली असेल, तर तो तसाच ठेवू नका, काढून टाका. तो निघाला की विंडोजमधला डिफेंडर आपोआप जागा होतो. दोन-दोन एकावर एक टाकू नका, मशीन रांगायला लागतं.

आण्णांनी यंदा रिन्यूअल केलं नाही. फोटोशॉप ते आता महिन्याच्या हप्त्याने रीतसर घेतात. त्यांच्याकडे दोन डिस्क आहेत, दोन्हींवर पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या पेनाने 'सोमवार' आणि 'गुरुवार' लिहिलंय. सोमवारची स्टुडिओत असते, गुरुवारची घरी, तांदळाच्या डब्यामागच्या फळीवर. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये परत कुठेच मिळणार नाही असं काय आहे, ते आज घरी गेल्यावर एकदा बघा, आणि त्याची प्रत काढा. अँटिव्हायरसचं आपण नंतर बोलू. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.